सोनाजीचा बहिष्कार

सोनाजी पहिलवानाचा उजवा खांदा गेला तो आखाड्यात नाही. विहिरीत पडलेलं मेंढरू वर ओढताना गेला. मेंढरू वाचलं, खांदा कामातून गेला, आणि खंडोबाच्या जत्रेतली कुस्ती पंधरवड्यावर आली. समोर वेरूळचा फकिरा पहिलवान. हा माणूस पाहुणा म्हणून गेला की लोक त्याला बाजेवर बसू देत नसत, ओट्यावर बसवत. खांद्याचं सांगावं तर गाव म्हणणार, सोनाजी भ्याला. त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. डाव्या हातात चहाची कपबशी सांभाळत तो पुंजाराम न्हाव्याच्या दुकानात येऊन बसला.

साल चौऱ्याहत्तर. पुंजाराम अर्धी दाढी करून पेपर वाचायचा, म्हणजे गिऱ्हाईक मधेच उठून जात नसे.

"टेनिसच्या जागतिक कपाचा शेवटचा सामना," पुंजाराम म्हणाला. "समोर दक्षिण आफ्रिका. तिथलं गोरं सरकार काळ्या माणसाला माणूस धरत नाय. म्हून आपला देश खेळलाच नाय. कप सोडून दिला."

"न खेळता?" सोनाजी पुढं सरकला. "मंग लोकं म्हणली असतील, भ्याले."

"नाय वो पैलवान. वाहवा करायलेत. त्याला बहिष्कार म्हणतात."

सोनाजीच्या खांद्यातली कळ जरा कमी झाली.

आता फक्त जुलमी सरकार शोधायचं होतं, आणि त्यासाठी आफ्रिकेला जायची गरज नव्हती. सरपंच नानासाहेब होते. पोलीस अ‍ॅक्शनमध्ये निजाम गेला, पण ती बातमी नानासाहेबांच्या घरी अजून कुणी पोचवली नव्हती. गावाच्या गायरानाला त्यांनी काटेरी तार ठोकली होती. आत त्यांची गुरं चरत, आणि धनगरांची मेंढरं तारेबाहेर उभी राहून बघत. जो बोलेल त्याला नानासाहेब वाळीत टाकत. असला माणूस गायरान सोडणार नाही, याची सोनाजीला पक्की खात्री होती. म्हणजे बहिष्कार कायमचा आणि खांदा सुरक्षित.

तो चावडीवर गेला. "गायरान खुलं होईस्तोवर कुस्ती नाय मालक. माझा बहिष्कार हाय."

"बस मंग घरी बांगड्या भरून," नानासाहेब म्हणाले.

सोनाजीला हेच पाहिजे होतं. फक्त गावाला कारण कळायला हवं, म्हणून त्यानं दवंडीवाल्या सांडूला दवंडी द्यायला सांगितली. सांडूनं डफ बडवत गावभर ओरडून सांगितलं, "ऐका हो ऐका, कुस्तीच्या पायी सोनाजी धनगराचा बहिष्कार हाय हो."

घोटाळा तिथं झाला. गावाला एकाच तऱ्हेचा बहिष्कार माहीत होता, वाळीत टाकायचा.

दुपारी त्याची बायको बानाबाई डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन गिरणीवरून परत आली. जशी नेली तशी.

"लक्ष्मीबाई दळून द्यायना. दुकानात मीठ मिळंना. अवं, तुमाला वाळीत टाकलं म्हणं."

"मला कुणी नाय टाकलं. मीच टाकलाय बहिष्कार, आफ्रिकेवर टाकला तसा."

"कुणावर?"

"कुस्तीवर."

"मंग मीठ कामून बंद हाय?"

याचं उत्तर पेपरात आलेलं नव्हतं.

नानासाहेबांनी हुकूम दिला का, हे गावात कुणी विचारलं नाही. न विचारता वाकायची सवय तीन पिढ्यांची होती. बाजाराच्या दिवशी ही गोष्ट फुलंब्रीला पोचली, तिथून जत्रेला येणाऱ्या मंत्र्यांच्या कानावर. मंत्र्यांचा निरोप आला की, तुमच्याकडं धनगराला वाळीत टाकलंय म्हणे, तसं असेल तर आम्ही येणार नाही. नानासाहेबांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. ते स्वतः चालत गिरणीवर गेले.

"लक्ष्मीबाई, मी सोन्याला वाळीत टाकलेलं नाय."

"व्हय मालक. आमी कुठं म्हणतो, तुमी टाकलं म्हून," लक्ष्मीबाई म्हणाली, आणि पुन्हा दळायला आलेली बानाबाईची पाटी तिनं पायानं आणखी मागं सरकवली. मागच्या खेपेला एकाला वाळीत टाकलं तेव्हाही मालक असंच म्हणाले होते.

जन्मात पहिल्यांदा नानासाहेब खरं बोलत होते आणि एक माणूस विश्वास ठेवत नव्हता. शेवटी सोनाजीवर राग नाही हे दाखवायला गाव गोळा करून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी गायरानाची तार तोडायला लावली. मेंढरं आत घुसली. बानाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"झालं तुझ्या मनासारखं," नानासाहेब म्हणाले. "आता लंगोट कस."

सोनाजी लगबगीनं पुढं झाला. "मालक, एवढी घाई कशाला? गायरानाचा नीट इचार करा. घरच्यांना इचारा."

"इचार झाला. परवा कुस्ती."

जत्रेच्या दिवशी मंत्री खुर्चीवर, हलगी जोरात, आणि सोनाजी आखाड्यात मनातल्या मनात खंडोबाला हाका मारतोय. फकिरा आला. सूर्य झाकला गेला. सलामीला हात जोडून तो सोनाजीच्या कानाशी वाकला.

"पाव्हणं, एक इचारू का? तुमच्या बहिष्काराचं आमच्याकडं लई नाव झालंय. आमच्या सरपंचानं बी पाण्याची टाकी अडवलीय. अन्‌ माझा बी गुडघा चार दिसांपासून धरलाय. तर मी बी टाकू का बहिष्कार?"

सोनाजीला त्या दांडग्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. "टाका की. लवकर टाका."

फकिरानं हात वर करून सांगितलं की टाकी खुली होईपर्यंत आपण लढणार नाही. नानासाहेब खुर्चीतून उठले. "अरे, तुमच्या टाकीचं मी काय करू?" पण तोवर मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मंत्र्यांच्या मागोमाग टाळी वाजवायची नाही एवढी हिंमत नानासाहेबांच्यात नव्हती. दोघांनाही फेटे बांधले. आता हे गायरान पुन्हा बंद करणं कठीण, असं पुंजाराम पहिल्यांदाच पेपर न बघता बोलला.

सोनाजी घरी येऊन बाजेवर पडला. बाहेर मेंढरं भरल्या पोटी रवंथ करत बसली होती. बानाबाईनं गरम विटेला फडकं गुंडाळून आणलं आणि काही न विचारता नेमकं उजव्या खांद्यावर टेकवलं.

सोनाजी दचकला. "तुला कवा कळलं?"

"पंधरा दिस झाले, डाव्या हातानं भाकर खाताय," बानाबाई म्हणाली. "आधी वाटलं, आफ्रिकेत तसंच जेवत असतील."

"मंग बोलली कामून नाय?"

"बोलले असते तर गायरान मिळालं असतं का?" तिनं वीट जरा दाबून धरली. "आता गप पडा."