मेळाव्याच्या दाराचा छडा

माझ्यासारखी हेर या गल्लीत झाली नाही आणि मी आहे तोवर होणारही नाही. शाळा माझी चौथीत सुटली. खरं म्हणजे शाळेनंच मला हात जोडले. पण माणसाच्या चपला बघून त्याच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, ते मी सांगते. गेल्या वर्षी जिन्यात चोर मी एकटीनं पकडला. तो विजेचं मीटर बघायला आलेला माणूस निघाला, पण मला बघून पळाला होता हे तर खरं ना? निष्पाप माणूस पळतो कशाला?

तर ही गोष्ट आमच्या चित्रकथांच्या मेळाव्याची. 'आमच्या' म्हणते, कारण तो माझ्या बैठकीच्या खोलीत जन्मला. माझ्या धाकट्याला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. चित्रांची पुस्तकं मांडायची ठरली, पण मांडायला टेबल नाही. म्हणून पठ्ठ्यानं मला न विचारता अडगळीच्या खोलीचं दार उतरवलं आणि दोन पिंपांवर आडवं टाकलं. पाहुणे आले सात. त्यातले तीन शेजारच्या घरी जायचे ते चुकून आले होते. जाता जाता एकानं दारावर पेनानं उडता माणूस काढला. मी तो घासून टाकणार होते, पण घासणी सापडली नाही. इतिहास असा वाचला.

पुढे तो रिवाजच पडला. दर वर्षी एका चित्रकारानं दारावर एक चित्र काढायचं. ज्या वर्षी महाबलीचा वेष केलेला एक जण खिडकीतून प्रवेश करायला गेला आणि कमरेपाशी अडकला, त्या वर्षीची खिडकी आहे. ज्या वर्षी भांडण होऊन समोरासमोर दोन मेळावे भरले आणि दोन्हीकडे कुत्रं फिरकलं नाही, त्या वर्षीचं दोन तोंडांचं कुत्रं आहे. पुढे मेळावा मोठ्या हॉलमध्ये गेला, पण दार तेच. मधोमध आडवं, त्यावर पुस्तकं नाहीत, नुसतं बघायला. आणि नियम असा, की दारावर ज्याचं चित्र, त्याला मेळाव्यात कायमचं टेबल.

यंदा दारावर तळहाताएवढीच जागा उरली होती. ती माझ्या सुनेला मिळाली, तीही समितीत एका मतानं. सून इस्त्रीच्या टेबलावर चित्रं काढते. तिची नायिका बस चालवते आणि आपला मार्ग न सोडता चोर पकडते. पुस्तक चांगलं आहे. तसं मी तिला सांगितलेलं नाही, सवय लागते. आमचा धाकटा आता मेळाव्याचा प्रमुख. "बायकोला टेबल दिलं तर लोक काय म्हणतील?" म्हणून ती बिचारी इतकी वर्षं फाटकाशी पिशवी घेऊन उभी राहून पुस्तकं विकते. मतात हरलेल्या मिशीवाल्या चित्रकारानं अट घातली होती : चित्र दुपारी बाराला, सगळ्यांसमोर. नाही जमलं तर टेबल त्याचं.

आणि सकाळी बघतो तर दार गायब! मागच्या खोलीत नुसती त्याच्यावरची चादर पडलेली.

धाकट्याचा चेहरा पांढरा. सून पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मी म्हटलं, "रडू नकोस. मी आहे."

"म्हणूनच काळजी वाटते, आई," धाकटा म्हणाला.

मी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. वेष पालटायचा तर काहीतरी काढायला हवं, आणि या वयात दुसरं काही काढणं शोभलं नसतं.

पहिला संशय अर्थातच मिशीवाल्यावर. त्याला गाठून म्हटलं, "काल संध्याकाळी कुठे होतास?"

"दातांच्या डॉक्टरकडे, आजी."

"दाखव दात."

त्यानं आ केला. खरंच एक दात नव्हता. पण चोरानं साक्षीपुराव्यासाठी दातही उपटला असेल, असा माझा तर्क. सून म्हणाली, "आई, गाल सुजलाय त्यांचा." या पोरीला पोलीस खात्यात कोणी घेणार नाही.

मग मी हॉलभर फिरले. हेराला याहून वाईट जागा नाही. जो तो मुखवटा घातलेला. एकाला नाव विचारलं तर म्हणाला, "मी पाताळाचा सम्राट!" म्हटलं, "असशील. आईला माहीत आहे का?" तेवढ्यात कोपऱ्यात एक उंच, चौकोनी, तपकिरी वस्तू दिसली. म्हटलं, सापडलं दार! पुढे होऊन मी टकटक केलं.

आतून आवाज आला, "कोण?"

दारानं 'कोण' म्हणावं! मी दोन पावलं मागे सरले. तो खोक्याचा यंत्रमानव झालेला बँकेतला कारकून निघाला. तपासाचं काम असं जिवावर बेततं.

बारा वाजत आले. मिशीवाला घड्याळाकडे बघून गाल चोळत होता. आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : जाऊ! माझी धाकटी जाऊ. तिच्या सुनेला फक्त विणकाम येतं, म्हणून जळते. आणि मघापासून ती दिसत नव्हती! चौकशी केली तर म्हणे, बायकांच्या संडासात गेली आहे, ती परत आलीच नाही.

तिथे गेले तर ही रांग! नऊ-दहा बायका. "आत जाणारी बाहेरच येत नाही हो आज," एक वैतागून म्हणाली. मी मनात म्हटलं, आत भुयार आहे. रांग मोडून पुढे घुसले आणि दोन्ही मुठींनी ठोकायला लागले.

"बाहेर ये! खेळ संपला! दार कुठे लपवलंस ते सांग!"

"अहो ताई," आतून जाऊ म्हणाली, "ज्याच्यावर बुक्क्या मारताय ना, तेच ते!"

कडी निघाली. दार बाहेर उघडलं आणि आतल्या बाजूला तो उडता माणूस, ती खिडकी, ते दोन तोंडांचं कुत्रं, सगळे हारीनं उभे. "बसल्या बसल्या वाचत होते," जाऊ म्हणाली. "सगळ्याच वाचतायत. म्हणून तर रांग."

सकाळपासून मी तिथे दोनदा जाऊन आले होते. चष्मा पर्समध्ये होता, हे मी आधीच सांगितलं आहे.

हॉलच्या सुताराला बोलावलं. तो बिचारा गोंधळला. "संडासाचं दार मोडलंय, नवीन मागच्या खोलीत ठेवलंय, असा निरोप होता. तिथे चादरीखाली दार दिसलं. बिजागरीच्या खाचासुद्धा तयार होत्या. चित्रं आतल्या बाजूला घेतली, बाहेरून बरं दिसेना म्हणून. दाराला दार समजलो, चुकलं का माझं?"

इतकी वर्षं आम्ही त्याला टेबल समजत होतो.

"पण इतकी घाई कोणी केली तुला?" मी दरडावलं.

"तुम्हीच, आजी. काल संध्याकाळी घरी जाता जाता मला बजावून गेलात. दार नाही तर बायकांनी आत काय गाणी म्हणत बसायचं का, म्हणालात. दार लागल्याशिवाय घरी सोडणार नाही म्हणालात."

जाऊ खोकली. तिला खोकला नव्हता.

दार उतरवायचं म्हटलं तर रांगेतल्या बायका खवळल्या. तेव्हा समारंभ तिथेच करायचा ठरला. सून आत गेली, कडी लावली. बाहेर समिती, पाताळाचा सम्राट, यंत्रमानव, सगळे अदबीनं उभे. आतून पेनाची कुरकुर ऐकू येत होती. मिशीवाला मात्र डोळे बारीक करून दाराकडे बघत होता.

"आजी," तो सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "ही बाजू तर सगळी कोरी आहे."

खरंच की! आडव्या दाराला दुसरी बाजू असते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. एका तळहाताच्या जागेवरून समिती वर्षभर भांडत होती आणि तिच्याखाली अख्खं दार मोकळं पडलं होतं. धाकट्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं : पुढचं वर्ष मिशीवाल्याचं. त्याचा चेहरा उजळला. एका बाजूनं तरी.

कडी निघाली. कडीशेजारच्या जागेत सुनेनं एक बाई काढली होती. हातात भिंग, कंबर वाकलेली, जमीन न्याहाळत चाललेली. आणि तिच्या पाठीमागेच एक दार.

"मला दाराला पाठमोरी का काढलीस?" मी विचारलं.

"तुम्ही दाराकडे बघतच नव्हता, आई."

सगळे हसले. जाऊ तर भिंत धरून हसली. मी म्हटलं, "कंबर जाड काढलीस," आणि वळले, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. मग पर्समधून चष्मा काढून घातला आणि सुनेच्या नव्या टेबलाशेजारी जाऊन उभी राहिले. पुस्तक चाळून, न घेताच कोण सटकतो, त्याच्यावर कोणीतरी पाळत ठेवायला हवीच होती. संध्याकाळपर्यंत एकही सुटला नाही.