हेमराजभाऊंच्या सहा क्लिपा

लग्नात लोक नवरी पाहतात, जेवण पाहतात. आमचे हेमराजभाऊ नवरदेवाच्या कारखाली झोपून पाहतात. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नात फुलं लावलेली कार मांडवापाशी थांबली आणि भाऊ पांढऱ्या सदऱ्यासकट तिच्या पुढच्या चाकाशी आडवे झाले. लोकांना वाटलं, चक्कर आली. कुणी पाणी आणलं. खालून शांत आवाज आला, "थांबा ना, माप घेऊन राहिलो."

माप क्लिपचं. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून हेमराजभाऊंचं बियाण्या-खताचं दुकान आहे. त्यांची मोटारसायकल अशी, की कंपनीनं ती दोन-तीन वर्षं काढली आणि बंद करून टाकली. तिला समोरून आणि बाजूंनी प्लास्टिकचं कवच आहे; आमच्याकडे त्याला फायबर म्हणतात. ते बसतं नखाएवढ्या काळ्या क्लिपांवर. त्यातल्या सहा रस्त्यातल्या खड्ड्यांनी खाल्ल्या.

मेकॅनिक म्हणाला, "तारेनं बांधून देतो." भाऊ दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. "तार कुंपनाले असते," त्यांनी मला समजावलं. "गाडीले जे होतं, तेच पायजे. एक सूत फरक चालत नाही."

मग शोध सुरू झाला. गावातल्या डॉक्टरांच्या कारची क्लिप एक सूत लांब निघाली. गोंदियाच्या भंगारवाल्याकडची बसली, पण तिरपी. रायपूरच्या दुकानदाराला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, "काकाजी, ये गाड़ी तो मैंने देखी ही नहीं." भाऊ नाराज व्हायचं सोडून खूश झाले. युरिया घ्यायला आलेल्या माणसाला आधी मोबाईलवर क्लिप पाहावी लागे, मग युरिया मिळे. मी हसायचो, पण मनातून मला हेवा वाटायचा. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट इतकी मन लावून शोधलेली नाही. पेन हरवला की दुसरा घेतो.

एक दिवस धानाचं बियाणं न्यायला आलेला एक शेतकरी फोटो पाहून म्हणाला, "अशी गाडी आमच्या कामठ्यात हाये. मास्तर वारले, तवापासून ताडपत्रीखाली उभी हाये."

भाऊंनी दुकानाचं शटर ओढलं आणि मला मागे बसवलं.

मास्तरांच्या पत्नी अंगणात तांदूळ निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "घेऊन जा न भाऊ, लागन तेवढ्या. पोरगा पुण्याले राहते, तो त भंगारात देऊन टाक म्हणते."

भाऊंनी ताडपत्री काढली. तीच गाडी, तोच रंग. एकही क्लिप कमी नाही. त्यांनी एका बाजूच्या सहा क्लिपा हलक्या हातानं काढल्या आणि तळहातावर मांडल्या. बराच वेळ पाहत राहिले. फायबर सुटल्यावर आतलं इंजिन दिसत होतं. इतक्या वर्षांनीही ते पुसून ठेवल्यासारखं होतं.

"काऊन थांबले?" मी विचारलं.

"मास्तरनं किती नेटकं ठेवलं, पाह्य."

मग त्यांनी आपल्या गाडीची बॅटरी काढून त्या गाडीला लावली. जुनं पेट्रोल काढून आपल्या टाकीतलं घातलं, प्लग घासला. बऱ्याच प्रयत्नांनी गाडी खोकली आणि सुरू झाली. एव्हाना स्वयंपाकाला लागलेल्या बाई तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"हा आवाज नाक्यावर आला, का मी चहा ठेवत होती," त्या म्हणाल्या.

भाऊंनी गाडी बंद करून बॅटरी परत आपल्या गाडीला लावली. मग त्या गाडीचं फायबर जागेवर धरलं आणि साही क्लिपा एकेक करून परत दाबून बसवल्या. परतीच्या वाटेवर आमचं फायबर खडखडत होतं.

आता ते दर महिन्याला कामठ्याला जातात. "इंजिन जाम होऊन जाते ना ठेवल्या-ठेवल्या," म्हणतात. भाऊंची बायको जाऊन सात वर्षं झाली. दुकानात त्यांचा चहा समोरच्या टपरीवरून कागदी कपात येतो, आणि बहुतेक वेळा तो तसाच थंड होतो.

परवा ते कामठ्याहून आले तेव्हा मी विचारलं, "झाली सुरू?"

"एकाच झटक्यात." मग बाकावर बसत म्हणाले, "चहात साखर लय टाकते बाई."

"मग सांगायचं ना त्यांना."

"कायले?" भाऊ म्हणाले. "मास्तर तसाच पित होते म्हणे."