सुगंधाबाईचा वरवंटा

बावीस दिवसांनी धुळाजी ट्रकमधून खाली उतरला, तेव्हा त्याच्या दारूच्या दुकानापुढं रांग लागलेली होती.

बघून त्याला भरून आलं. शहागडची माणसं एवढी मायाळू असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आठ दिवसांत येतो म्हणून गेलेला माणूस बावीस दिवसांनी येतो, तरी गिऱ्हाईक दुसरं दार धरत नाही. पौषाच्या थंडीत सकाळी सकाळी मुकाट उभं राहतं. ट्रक चालवणाऱ्या मेव्हण्याला, बद्रीनाथला, तो म्हणाला की धंदा करावा तर असा.

जरा जवळ गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की रांगेत निम्म्या बाया आहेत. बाया त्याच्या दुकानापुढं येत नव्हत्या असं नाही. पण त्या नवऱ्याची गचांडी धरून न्यायला येत, आणि त्या कामासाठी कुणी रांग लावत नाही. शिवाय या बायांच्या हातात नारळ होते.

धुळाजी किल्ली काढून पुढं घुसला. एका ड्रायव्हरनं त्याचा दंड धरला.

"ओ पाव्हणं, लायनीत या."

"माझं दुकान हाय हे."

"असंल की. देव समद्यायचा हाय."

धुळाजीनं मान लांब करून बघितलं. दुकानाच्या पायरीला लागून, भिंतीच्या कडेला, शेंदूर फासलेला, झेंडूच्या माळांत बुडालेला एक दगड उभा होता. त्याच्यावर चार बांबूंचा मांडव होता. आणि मांडवात अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून म्हस्कू बसला होता. म्हस्कू म्हणजे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. गेल्या तीन वर्षांत त्याला उन्हात सरळ उभा राहिलेला कुणी बघितला नव्हता.

धुळाजीनं किल्ली परत खिशात टाकली. कारण तो दगड नव्हता. तो त्याच्या बायकोचा वरवंटा होता.

झालं होतं ते असं. सरकारनं दारूबंदी सैल केली आणि देशीच्या दुकानांना परवाने वाटले, तेव्हा धुळाजीनं नवस केला होता की परवाना मिळाला तर जेजुरीला जोडीनं येईन. परवाना मिळाला. नवस तीन वर्षं तटून राहिला. यंदा बद्रीनाथचा ट्रक मोसंबी घेऊन पुण्याला निघाला, तेव्हा नवरा-बायको केबिनमध्ये बसले. निघायच्या आदल्या दिवशी धुळाजीला दुकानाचा कोयंडा ठोकायचा होता. हातोडी सापडेना, म्हणून त्यानं घरातून वरवंटा आणला. तिसऱ्या ठोक्याला वरवंट्याच्या टोकाचा टवका उडाला.

वरवंटा सुगंधाबाईनं माहेराहून आणलेला. पंधरा वर्षं तिनं त्यानं मिरच्या वाटल्या होत्या. लाकडाच्या दांड्याला पडावी तशी तिच्या अंगठ्याची खोबण त्या दगडाला पडली होती. तिला खरं सांगावं, एवढी धमक धुळाजीत नव्हती. त्यापेक्षा त्याला दुसरी युक्ती सुचली. हमरस्त्यावरचे यच्चयावत ड्रायव्हर त्याच्याच दुकानाच्या भिंतीवर धार मारत. भिंतीचा गिलावा पोपडे धरून पडला होता. त्यानं वरवंट्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला, फुटकं टोक मातीत पुरलं आणि देव करून भिंतीशी उभा केला. एका दगडात भिंतही वाचली आणि वरवंटाही लपला.

सकाळी सुगंधाबाईनं वरवंटा शोधून शोधून घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिनं ठरवलं की शेजारच्या तुळजाबाईनंच तो पळवला. शहागड ते जेजुरी, जेजुरी ते कोल्हापूर, आणि फलटणला गिअरबॉक्स मोडून ट्रक नऊ दिवस पडला तेव्हा अख्खे नऊ दिवस, ती तुळजाबाईचा उद्धार करत होती. धुळाजी हूं हूं करत होता, आणि आज तिला घरापाशी उतरवूनच तो दुकानावर आला होता.

इकडं म्हस्कूची गोष्ट वेगळीच झाली होती. दुकान बंद आहे हे त्याच्या डोक्याला कळलं, पायांना कळलं नाही. रोज सकाळी तो येऊन पायरीवर बसायचा. हात थरथरायचे म्हणून ते एकमेकांत धरायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची म्हणून मिटून घ्यायचा. शेंदराच्या दगडापुढं हात जोडून डोळे मिटलेला माणूस म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरनं नारळ दिला. पाचव्या दिवशी म्हस्कूचे हात थरथरायचे थांबले. बाटली नाही म्हणून ते थांबले होते, पण म्हस्कूला वाटलं देवानं थांबवले. गावालाही तसंच वाटलं. ज्या माणसाला बाप, बायको आणि फौजदार थांबवू शकले नाहीत त्याला ज्यानं थांबवलं, तो देव नाही तर काय.

धुळाजीनं म्हस्कूला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की हा दगड मीच ठेवलाय.

म्हस्कूनं त्याच्याकडं मायेनं बघितलं. "तुमच्या हातून ठिवून घेतला त्यानं, मालक."

धुळाजीनं ते सबंध दिवसात चौघांना सांगून पाहिलं आणि चौघांनी हेच ऐकवलं. एकानं तर त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मी केलं तर माझं कसं नाही, आणि माझं नाही तर मग मी केलं काय, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळेनासं झालं.

घरी आला तर सुगंधाबाई इरकली नेसून, हातात ताट घेऊन नुकती कुठून तरी परत आलेली. संक्रांतीचं हळदीकुंकू. धुळाजीला आठवेना, हिला शेवटी कुणी कधी बोलावलं होतं. तुळजाबाई स्वतः बोलवायला आल्ती म्हणे. त्या नव्या देवाचंही दर्शन सुगंधाबाई घेऊन आली होती.

"काय मागितलंस?" धुळाजीनं भीत भीत विचारलं.

"वरवंटा सापडू दे म्हनलं."

धुळाजीनं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेब यायचा होता. दुकान इतके दिवस बंद राहिलं की उघडण्याआधी तपासणी करावी लागे, आणि मी येतोय असा कागद धुळाजीनं फलटणहून निघतानाच टाकला होता. जे खातं दारू विकायचा परवाना देत होतं त्याच्या नावात दारूबंदी हा शब्द पहिला होता. यात गावात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. जे सरकार एका हातानं बाटली देतं आणि दुसऱ्या हातानं 'दारू पिऊ नका' असं भिंतीवर लिहितं, त्याचे दोन्ही हात पगारी असतात, एवढं लोकांना माहीत होतं.

साहेबानं मांडव बघितला आणि दप्तर उघडलंच नाही. देवळापासून नियमाच्या अंतरात दारूचं दुकान चालत नाही, असं त्यानं सांगितलं. टेप लावला तर अंतर दीड वीत भरलं.

"नाव काय देवाचं? रिपोर्टात लिहावं लागेल."

ड्रायव्हर म्हणाले मारुती. म्हस्कू म्हणाला म्हसोबा. बाया म्हणाल्या मरीआई. देव पुरुष की बाई इथूनच भांडण लागलं. अर्धा तास वाट बघून साहेबानं लिहिलं: 'देव, नग एक.' आणि परवाना थांबवल्याचा कागद काढला.

धुळाजीनं तो कागद हातात घेतलाच नाही. शेरडं-मेंढरं विकून हे दुकान उभं केलं होतं. मेंढरामागं हिंडणाऱ्या बापाच्या पोराला सरकारी शिक्क्याचा एकच कागद उभ्या जन्मात मिळाला होता, आणि तो आता वरवंट्याखाली चालला होता. मिरच्यांबरोबर.

"साहेब," तो ओरडलाच, "तो देव न्हाई. वरवंटा हाय. माझ्या बायकोचा. मी फोडला, मीच शेंदूर फासला."

मग गर्दीतून शाळेचे साहेबराव गुरुजी पुढं आले. गुरुजी बौद्ध. दगडधोंड्यांना हात जोडणार नाही अशी शपथ घेऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि गावातल्या प्रत्येक शेंदरी दगडाशी त्यांचं एकट्याचं भांडण होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"ऐका," ते म्हणाले. "ह्या गावात आज पहिल्यांदा कोणी खरं बोललं."

मग त्यांचा चेहरा हळूहळू पडला. कारण गुरुजींचं दुसरं भांडण दारूच्या दुकानाशी होतं. त्या दुकानाविरुद्ध त्यांनी सात अर्ज केले होते. खऱ्याची बाजू घ्यावी तर दुकान उघडतं. दुकान बंद पाडावं तर वरवंट्याला देव म्हणावं लागतं. ते चष्मा काढून पुसत राहिले. साहेबानं त्यांचं मत विचारलं, तेव्हा त्यांनी विचार करायला दोन दिवसांची मुदत मागितली.

साहेबाला मुदत द्यायची नव्हती, त्याला तीनची एस.टी. धरायची होती. त्यानं निकाल सोपा केला. दगड असेल तर देव. वरवंटा असेल तर घरगुती सामान, आणि सामानाला अंतराचा नियम नाही. ज्या बाईचा आहे तिनं ओळखून द्यावा.

सुगंधाबाईला बोलावणं गेलं. ती डोक्यावरचा पदर सावरत आली. धुळाजी तिच्या तोंडाकडं बघेना. वरवंटा गेला, तुळजाबाईची बदनामी झाली, बावीस दिवस आपण हूं हूं केलं, हे सगळं आता तिला चारचौघांत कळणार होतं. कळू दे. रात्री भाकर मिळणार नाही. परवाना तर राहील.

ती वाकणार एवढ्यात म्हस्कू मधी आला. तो तिच्याशी बोलला नाही, धुळाजीशी बोलला.

"मालक, दुकान उघडू नका. उघडलं तर मी आत यीन."

बस, एवढंच. त्याची बायको गोपिकाबाई मागं उभी होती. तिनं नुसतं सुगंधाबाईकडं बघितलं. धुळाजीनं दुसरीकडं तोंड फिरवलं.

सुगंधाबाईनं माळा बाजूला केल्या. दगडावर हात ठेवला. तिचा अंगठा आपोआप खोबणीत जाऊन बसला. म्यानात तलवार बसावी तसा तो बसताना धुळाजीनं डोळ्यांनी बघितला. त्याच्या जिवात जीव आला.

मग तिनं हात काढला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "न्हाई साहेब. आमचा आखूड होता."

धुळाजी म्हणत होता, "अगं, खोबण," "अगं, अंगठा," पण मांडवात कुणीतरी शंख फुंकला आणि त्याचं बोलणं त्यात गेलं. साहेबानं कागदावर सही केली आणि एस.टी. धरली. गुरुजी अजून चष्मा पुसत होते.

घरी आल्यावर धुळाजी खांबाला टेकून बसला.

"तुला वळखू आला न्हाई का?"

"हात लावल्याबराबर वळखला."

"मंग?"

सुगंधाबाईनं पितळीत कोरडी चटणी वाढली. नुसती खडे मीठ आणि चुरगळलेली मिरची.

"तीन वर्सं झाली, आडावर माझी घागर समद्यायच्या शेवटी भरती. बाटलीवाली आली म्हनून बाया रहाट सोडून जात्यात. काल तुळजाबाईनं माझ्या हातावर तीळगूळ ठिवला. ज्या तुळजाबाईला मी बावीस दिस चोर म्हनून राह्यले." तिनं त्याच्याकडं बघितलं. धुळाजीनं चटणीकडं बघितलं. "पंधरा वर्सं वाटून राह्यले मी त्याच्यानं. हाताच्या आगीबिगर काई दिलं न्हाई त्यानं मला. आता कुटं द्याया लागला, तर मी त्याला सामान म्हनू?"

"आन् आपल्या पोटाचं?"

"रोज शंभर मानसं नारळ घिऊन येत्यात. ते नारळ काय आभाळातून पडत्यात का?"

रथसप्तमीला दुकान परत उघडलं. पाटी रंगवायला पेंटर आला, पण सगळी पाटी पुसायचे पैसे धुळाजी देईना, म्हणून त्यानं मधला एकच शब्द खोडला आणि तिथं दुसरा बसवला. तेव्हापासून शहागडला हमरस्त्यावर 'सरकारमान्य देशी नारळाचे दुकान' आहे. पहिला नारळ म्हस्कूनं फोडला. दुसरा फोडायची वेळ आली तेव्हा साहेबराव गुरुजी तिकडून चालले होते. त्यांनी दुकानाकडं बघून समाधानानं मान डोलावली, मांडवाकडं बघून तोंड वाकडं केलं, आणि दोन्ही एकदम करायला गेल्यानं ठेचकाळले.

धुळाजी गल्ल्यावर बसून भिंतीकडं बघत होता. भिंत कोरडी होती. ठणठणीत. एक शिंतोडा नाही. सगळं केलं ते त्यासाठीच केलं होतं, आणि तेवढं तरी बराबर झालं होतं. बाकीचं काय झालं ते त्याला अजून उमगत नव्हतं.

सुगंधाबाई आतून पिशवी घेऊन आली आणि ती तिनं त्याच्या मांडीवर टाकली.

"बाजारला जा. नवा वरवंटा आणा," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला फुटला, तर फुटला म्हनून सांगा. एका दाराला एक देव बस झाला."