हरलेल्याचा पहारा

एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. हो, वाघच. गोष्टीत राजा म्हटला की सिंहच हवा असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनी मागच्या रांगेत जाऊन बसावं. त्या जंगलात सिंह नव्हताच, त्याला मी काय करू?

तर या वाघाचं नाव उदयभान. वय कोवळं, मिशा नव्या आणि राज्य मिशांहूनही नवं. आपल्या चुलत्याला, म्हणजे खंडेरावकाकांना, झुंजीत हरवून त्यानं ते नुकतंच मिळवलं होतं.

त्या जंगलात राजा होण्याची रीत सोपी होती. निवडणूक नाही, मुलाखत नाही. राजाच्या तोंडून सगळ्यांदेखत 'हरलो' असं म्हणवून घ्यायचं, की झालात तुम्ही राजे. खंडेरावकाकांचा पाय ऐन झुंजीत शेवाळावरून घसरला. उदयभान त्यांच्या छातीवर बसला. काका म्हणाले, "हरलो. पण तुला नाही, शेवाळाला." रीतीत एवढंच बघायचे की 'हरलो' म्हटलं की नाही. पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही.

आता दुसरी रीत ऐका. ही जरा विचित्र आहे, तेव्हा चुळबुळ करू नका.

रोज संध्याकाळी राजा तळ्यावर सगळ्या प्रजेसमोर पाणी पीत असे. पाणी प्यायचं म्हणजे मान खाली घालावी लागते, मग तुम्ही राजे असा नाहीतर ससे. आणि मान खाली गेली की मागून कोण येतं ते दिसत नाही. म्हणून राजाच्या पाठीशी एक पहारेकरी उभा असे. तो कोण? तर राजाशी शेवटचा जो हरला तो. राजाला तळ्यावर काहीही झालं, तरी गव्यांनी त्या पहारेकऱ्याला जागच्या जागी तुडवायचं. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही.

त्यामुळे रोज संध्याकाळी उदयभान पाणी प्यायचा आणि खंडेरावकाका मागे उभे राहायचे.

"मान छान भरली आहे हो तुझी," काका म्हणायचे. "इथून फार सोयीची दिसते."

"काका, गप्प बसा ना!"

"मी कुठे काय केलं? नुसता बघतोय."

उदयभानला ठसका लागायचा. मानेवरचे केस ताठ उभे राहायचे. राजा होऊन महिना झाला, पण बिचाऱ्याला एक दिवस पोटभर पाणी पिता आलं नव्हतं. राज्य मिळालं, तहान मात्र तशीच राहिली. मला त्याची दया येते. मूर्खांची दया येऊ नये असा काही नियम नाही.

या उदयभानचा एक मित्र होता. रंगराव नावाचा बिबट्या. दोघं बछडे असल्यापासून एकत्र खेळलेले. एकांतात रंगराव त्याला 'भानू' म्हणायचा, चारचौघांत 'महाराज'. ठिपके देखणे, बोलणं मधाळ, आणि डोळ्यांत पाणी हवं तेव्हा आणण्याची कला त्याला अवगत होती.

"भानू, काय हा प्रकार!" एक दिवस रंगराव म्हणाला. "वैऱ्याला पाठीशी उभं करून पाणी प्यायचं? कुठल्या जमान्यात राहतोय आपण? हे असलं जुनंपुराणं तू बदलायचं नाही तर कुणी बदलायचं? तू तरुण आहेस. तुझ्याकडे दृष्टी आहे."

आपल्याकडे दृष्टी आहे हे उदयभानला तोवर माहीत नव्हतं. कळल्यावर त्याला फार बरं वाटलं.

"मग पाठीशी कुणाला ठेवू?"

"ते मी कसं सांगू?" रंगराव म्हणाला आणि उदयभानच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

उदयभानच्या आईनं हे ऐकलं आणि ती तडक त्याच्या गुहेत आली. म्हातारी वाघीण होती. तिनं तीन राजे पाहिले होते. त्यातला एक तिचा नवरा.

"भानू, खंडेरावांना हलवू नकोस."

"आई, ते माझा द्वेष करतात."

"करतातच. साऱ्या जंगलाला ठाऊक आहे. अरे, म्हणूनच तर—"

"म्हणूनच तर त्यांना हाकलायला हवं! तुमच्या पिढीला ना, बदल म्हटला की पोटात गोळा येतो."

आई उठून गेली. मुलांनो, आई वाक्य अर्धवट सोडून उठून गेली, तर तिच्यामागे जाऊन उरलेलं वाक्य ऐकून यावं. उदयभान गेला नाही. त्याला उद्याच्या भाषणाची तयारी करायची होती.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. राजाच्या शिळेवर उदयभान, खाली प्रजा आणि वरच्या फांद्यांवर पोपट. पोपटांकडे प्रसिद्धीचं खातं होतं. राजा जे करेल ते थोर आहे, हे राजानं करण्याच्या आधीच सांगायचं, असं त्यांचं काम.

"आजपासून माझ्या पाठीशी वैरी उभा राहणार नाही," उदयभान म्हणाला. "मित्र उभा राहील!"

"ऐतिहासिक! ऐतिहासिक!" पोपट ओरडले.

खंडेरावकाकांना नदीपलीकडच्या टेकडीवर जायचा हुकूम झाला. काका रडतील, निदान गुरगुरतील, असं उदयभानला वाटलं होतं. पण काकांनी ऐसपैस आळस दिला.

"खरंच जाऊ?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुला काही झालं तर माझा काही संबंध नाही?"

"काही संबंध नाही."

"देव तुझं भलं करो, पोरा," काका म्हणाले आणि उड्या मारत गेले. या वयात उड्या! म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं उदयभानला वाटलं.

एवढ्यात थोरला गवा पुढे आला. हा फार बोलत नसे. बोलला तर सावकाश बोलत असे.

"महाराज, एक शंका. उद्या आपल्याला काही झालं, तर तुडवायचं कुणाला? रंगरावांना का?"

रंगरावच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मान वळवली, पण अशी वळवली की ते पाणी उदयभानला दिसावं.

उदयभान खवळला. "माझ्या जिवलग मित्रावर संशय? लाज नाही वाटत? ही तुडवायची रीत आजपासून बंद!"

"बरं," गवा म्हणाला. त्याचं एक काम कमी झालं. तो जाऊन रवंथ करू लागला.

त्या संध्याकाळी उदयभान पहिल्यांदा पोटभर पाणी प्याला. मागून मानेबद्दल कुणी बोललं नाही. उलट रंगराव हळूच म्हणाला, "काय डौल आहे!" उदयभानला वाटलं, हेच ते राज्य. याच्यासाठीच आपण काकांच्या छातीवर बसलो.

मग काही दिवसांनी रंगरावनं उजेडाची गोष्ट काढली.

"या काठावर ऊन मागून येतं, भानू. तुझं प्रतिबिंब काळवंडतं. प्रजेला राजा काळपट दिसतो. पलीकडच्या काठावर बघ एकदा."

उदयभाननं जाऊन बघितलं. पाण्यात एक सोन्याचा वाघ होता. त्यानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, दात दाखवले, पुन्हा झाकले. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

"तिथं गाळ आहे," आईनं निरोप पाठवला.

"तिला सगळीकडे गाळच दिसतो," उदयभान म्हणाला. राजाचा पाणवठा पलीकडच्या काठावर हलला. पोपटांनी त्याला 'सुवर्णतीर' असं नाव दिलं.

आता तुम्ही म्हणाल, पुढे काय होणार ते आम्हाला कळलं. कळलं ना? साऱ्या जंगलालाही कळलं होतं. फक्त ज्याला कळायला हवं होतं तो स्वतःचं प्रतिबिंब बघत होता.

एके संध्याकाळी सारी प्रजा सुवर्णतीरावर जमली. उदयभाननं मान खाली घातली. पाण्यातल्या सोन्याच्या वाघाच्या मागे त्याला ठिपके दिसले. मित्र जवळ आला म्हणून त्याला बरंच वाटलं. मग पाठीत जोराचा धक्का बसला.

तो गाळात पडला. धडपडला तसा आणखी रुतला. आधी पाय गेले, मग पोट, मग छाती.

"रंग्या! हात दे!"

रंगराव काठावर बसला आणि पंजा चाटू लागला.

"वाचवा!" उदयभाननं डरकाळी फोडली.

प्रजेत कुजबुज झाली. पण पोपट तयारीचे होते. "महाराज मातीशी नातं जोडताहेत! असा राजा झाला नाही! वाजवा टाळ्या!" प्रजेनं टाळ्या वाजवल्या. माकडांनी तर शिट्ट्याही मारल्या.

थोरल्या गव्याला मात्र उमजलं. त्यानं रंगरावकडे पाहिलं, शिंगं खाली घातली, खुरानं माती उकरली. उदयभानच्या जिवात जीव आला. मग गवा थांबला. त्याला काहीतरी आठवलं.

"तुडवायची रीत तर महाराजांनीच बंद केली," तो सावकाश म्हणाला आणि पुन्हा रवंथ करू लागला.

त्या क्षणी उदयभानला आईचं उरलेलं वाक्य कळलं. काका त्याचे वैरी होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर त्याच्या केसालाही धक्का लागू न देणं काकांना भाग होतं. ते रोज त्याची मान बघत होते, कारण त्या मानेवर त्यांचाच जीव टांगला होता.

गाळ गळ्यापर्यंत आला.

"म्हण," रंगराव म्हणाला.

"काय म्हणू?"

"काका म्हणाले होते ते. जरा मोठ्यानं, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

उदयभाननं पाण्यात पाहिलं. सोनं गेलं होतं, नुसता चिखल होता. "हरलो," तो म्हणाला. 'तुला नाही, विश्वासाला' असंही पुढे म्हणाला. पण रीतीत पुढचं कुणी ऐकत नाही, हे तुम्हाला मघाच सांगितलं.

"रंगराव महाराजांचा विजय असो!" पोपट ओरडले. त्यांचा सूर जराही बदलला नव्हता.

रंगरावनं पहिला हुकूम दिला, "याला बाहेर काढा." वानरांनी वेल टाकले, गव्यांनी ओढले आणि उदयभान चिखलाच्या गोळ्यासारखा काठावर येऊन पडला. दुसरा हुकूम झाला, की पूर्वजांच्या सगळ्या थोर रीती आजपासून पुन्हा सुरू. पाठीशी हरलेला उभा राहील. तुडवणंही चालू.

"बरं," थोरला गवा म्हणाला.

"मला मरू का दिलं नाहीस?" उदयभाननं विचारलं.

"वेडा आहेस का, भानू?" रंगराव म्हणाला. "मग माझी पाठ कोण राखणार? मित्र?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी रंगराव जुन्या काठावर पाणी प्यायचा आणि उदयभान मागे उभा राहायचा. आता राज्य गेलं होतं. आता नुसता जीव राखायचा होता.

एकदा काय झालं, रंगराव पाणी पीत असताना झुडपातून एक तरस सरपटत आलं. त्याच्याशी रंगरावचं नव्यानंच मैत्र जमलं होतं. त्याचे डोळे रंगरावच्या मानेवर होते. उदयभाननं ते पाहिलं. किती आनंद झाला त्याला! ये, ये, असं तो मनात म्हणू लागला. आणखी दोन ढांगा.

मग त्याची नजर गव्याच्या खुरांकडे गेली.

त्यानं अशी डरकाळी फोडली की तळ्यावर लाटा उठल्या. तरस पळत सुटलं. रंगरावनं मान वरसुद्धा केली नाही. "शाबास," एवढंच म्हणाला आणि पाणी पीत राहिला.

उदयभानला रडू कोसळलं. ज्याच्या नरडीचा घोट घ्यावा असं रोज वाटतं, त्याचीच नरडी त्यानं वाचवली होती. आणि उद्याही वाचवणार होता. नदीपलीकडच्या टेकडीवरून खंडेरावकाकांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

उदयभाननं डोळे पुसले, नीट ताठ उभा राहिला आणि म्हणाला,

"मान छान भरली आहे हो, महाराज."

रंगरावला ठसका लागला.

तात्पर्य : खऱ्या मित्रावर कधीही संशय घेऊ नये. घेतला, तर त्यानं बिचाऱ्यानं राजा कधी व्हायचं?