काचेच्या हौदातील चरणाऱ्या माशांची बखर

श्रीवरुण प्रसन्न. खाऱ्या पाण्यास आणि त्यात नांदणाऱ्या जिवांस नमस्कार असो. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. ते समयी घाटावरील एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, जे वर्तमान जाहले ते सेवकाने डोळां पाहिले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ लाविले नाही. मीठ हौदातच पुष्कळ होते.

राज्याचे धनी श्रीमंत महाराज. त्यांचे लग्न सहा महिन्यांमागे दर्याकाठच्या एका संस्थानिकाच्या कन्येशी जाहले आणि राणीसाहेब घाट चढोन आल्या, आणि आल्या त्या दिवसापासोन बोलणे थोडे, जेवणे त्याहून थोडे. मग दिवाळीस माहेरून भेट आली, ती वस्त्रे नव्हेत, घोडे नव्हेत, तर एक काचेचा हौद, छातीइतका उंच, आणि त्यात अकरा मासे जिवंत. पिवळे सात, करडे ठिपक्यांचे तीन, आणि एक थोरला निळा, ज्याचे शेपटीशी वस्तऱ्याऐसा काटा. त्यास निळे सरदार म्हणावे ऐसे दरबारात ठरले. हौद पाहोन राणीसाहेब सासरी आल्यापासोन प्रथम हसल्या आणि महाराजांनी ते हसणे पाहिले आणि चौथऱ्यावर हौद ठेवोन दोन पहारेकरी तैनात केले. खारे पाणी दरमहा उंटांवर पखाली लादोन यावे ऐसा बंदोबस्त जाहला.

आता माशांस खाण्यास काय द्यावे, याची मसलत बसली. राणीसाहेबांस विचारावे तो त्या म्हणाल्या, "माहेरी हे ओहोटीच्या डबक्यात असत. त्यांस कोणी वाढीत नसे. आम्हांस ठाऊक नाही." मग दरबार म्हणाला, मोठा मासा लहान माशास खातो हे शेंबडे पोरही जाणते, त्यात मसलत कसली? आणि सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, भिजवोन, कुटोन, दोन्ही वेळां खाशा पंगतीच्या वेळेस चांदीच्या वाटीतून हौदात सोडो लागले. मासे भुकेपोटी खात. महिना लोटला आणि पिवळे मासे पांढुरके दिसो लागले, करड्यांची पोटे फुगली आणि निळे सरदार बाकीच्यांचे पर कुरतडीत चालले. राणीसाहेब हौदापाशी बसोन असत, हसणे बंद जाहले.

इतक्यात पखालींसमवेत धाकलीबाई कोळीण आली, राणीसाहेबांच्या माहेरची, हौद पाहून जाण्यास धाडलेली. तिने काचेस नाक लाविले आणि कपाळावर हात मारिला. "अगो बाय माजे! यांना सोडं कोनी घातलं? यो मासा पाला खानारा हाय. खडकाव दिसभर चरतंय."

महाराजांनी तत्काळ मुदपाकखान्यात हुकूम पाठविला की माशांस पालेभाजी द्यावी. मुदपाकखान्याचे मुख्य रुद्रंभट आचारी, पंचक्रोशीत ज्यांच्या हाताची ख्याती. हुकूम ऐकोन त्यांस भरोन आले की आज खासे मासे आपल्या हातचे जेवणार. धाकलीबाई प्रवासाने शिणोन निजली होती, तिला विचारावे हे कोणाचे मनात आले नाही. भटजींनी स्नान केले, सोवळे नेसले आणि कोवळी पालेभाजी निवडोन, बारीक चिरोन, वर हिंग, मोहरी, लसूण यांची खमंग फोडणी दिली, आणि ती भाजी निववोन, जयघोष करवोन, हौदात ओतिली. तेल वर तरंगले, लसूण तळास बसला, मोहऱ्या मध्येच फिरत राहिल्या आणि अकरा मासे दगडाआड दडोन बाहेर येईनात. ताटात जी भाजी उरली होती ती सेवकाने पोळीसंगे खाल्ली. भाजी उत्तम जाहली होती, भटजींवर अन्याय करो नये.

राणीसाहेबांनी हौद पाहिला आणि डोळे पुसोन म्हणाल्या, "पालखी सजवा. मासे घेऊन आम्ही माहेरी जातो. ज्या मुलखात माशास खाणे मिळत नाही तेथे आमचा निभाव लागणे नाही." हे ऐकोन महाराजांच्या तोंडचे पाणी पळाले. लढाईत न डगमगणारा धनी, परंतु भोयांनी पालखी अंगणात आणोन ठेविली तेव्हां धाकलीबाईच्या नावाने हाका मारीत स्वतः धावत सुटले.

धाकलीबाईस उठविले. तिने तेल फडक्याने टिपोन काढिले, निम्मे पाणी उपसोन पखालीतले नवे भरिले आणि भटजींकडे वळोन म्हणाली, "पाला तीन पान्यान धुवाचा, कढत पान्यान बुडवून लगेच काढाचा. तेल नाय, मीठ नाय. मंग दगराला बांधून तळाला सोराचा. सांजच्याला उरला त बाहेर काढाचा, नाय त पानी नासतं."

भटजी संतापले. "फोडणी नाही ती भाजी नव्हे, बाई! तो गुरांचा चारा!"

"मंग चाराच पायजे! दर्यातली गुरांच हाईत ही, भटजीबाबा."

मग भटजींनी आयुष्यात प्रथम फोडणीवाचून पाला शिजविला, आणि ते करिताना त्यांनी तोंड भिंतीकडे केले होते. पाला दगडास दोऱ्याने बांधोन तळाशी सोडिला. एक घटका गेली, दोन गेल्या, मासे येईनात. भोई पालखीचा दांडा धरोन उभे. तेव्हां धाकलीबाईने कमरेची पिशवी सोडिली आणि वाळलेले दर्याचे शेवाळ काढोन, दगड वर ओढोन पाल्यावर गुंडाळिले. "घाटावरचा पाला यांनी कधी बघलाय? आदी घरची चव दाखवाची, मंग ती नवी शिकतीन."

दगड फिरोन तळाशी गेला आणि निळे सरदार आडोशातून पुढे जाहले, एकदा वास घेतला, मागे हटले, आणि मग ऐसे तुटोन पडले की दोरा ताणला. मागाहून पिवळे, त्यामागून करडे, आणि शेवाळ संपले तरी थांबले नाहीत, खालचा घाटावरचा पालाही फाडो लागले. दरबारात आनंद जाहला, नगारे वाजविण्याची आज्ञा जाहली आणि रुद्रंभट मोठ्याने रडले.

महाराज मात्र नगाऱ्याकडे न बघता राणीसाहेबांकडे बघत होते. मग चौथरा उतरोन जवळ आले आणि हळूच पुसिले, "आणि आपणास? आपणास काय रुचते?"

राणीसाहेबांनी हौदावरची नजर काढोन महाराजांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सहा महिन्यांत हे कोणी विचारिले नव्हते. उकड्या तांदळाची पेज, महाराज. आणि भाजलेला बांगडा."

तेच घडीस पालखी निघाली. आत कोणी नव्हते. भालदार पुढे, चोपदार मागे, ऐशा इतमामाने रिकामी पालखी घाट उतरली आणि नवव्या दिवशी उकडे तांदूळ आणि शेवाळाची गाठोडी गादीवर बसवोन परत आली. बांगडे सुकवोन आणिले, ते भाजण्याचे काम धाकलीबाईने पत्करिले आणि पहिला बांगडा महाराजांनी आपल्या हाताने राणीसाहेबांच्या पानात वाढिला.

सारांश, अकरा मासे अद्याप चरत आहेत, पिवळे पुन्हा हळदीसारखे जाहले आहेत आणि पंगतीस बसण्यापूर्वी धनी आता राणीसाहेबांस काय रुचते ते पुसोन बसतात. पाहिले ते लिहिले, लेखणी धुवोन ठेविली.