मंगळवारी सकाळी नऊ

करंदीकर सरांशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला वाटतं, यांना झटका आलाय. वाक्य संपलं की ते तीन सेकंद गप्प होतात, नजर तुमच्या डोक्याच्या जराशी वर. "शुभा, चहा घेणार?" मग एक, दोन, तीन. मधेच उत्तर दिलं तर दचकतात.

याला कारण मलेशिया. ब्रिटनमधल्या आमच्या कार्डिफच्या डिपार्टमेंटचा तिथल्या एका कॉलेजशी करार होता. दर मंगळवारी सकाळी नऊला सर इथून व्हिडिओवर नद्या शिकवायचे, तिथली मुलं वर्गात बसून ऐकायची. उत्तर परत यायला तीन सेकंद लागत. ती सवय सरांच्या हाडात मुरली. बसमध्ये चढल्यावरसुद्धा विचारतात, "ऑल राइट अ‍ॅट द बॅक?" मागची माणसं बिचारी "येस" म्हणतात.

ऑक्टोबरात करार मोडला. शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी ईमेल आली, मुलांची त्याच इमारतीत दुसऱ्या कोर्सला सोय झाली, विषय संपला. डिपार्टमेंटचं ऑफिस मी सांभाळते. नोव्हेंबरात पाहिलं तर व्हिडिओची खोली मंगळवारी अजून सरांच्याच नावावर. सांगायला गेले.

आत पडदे ओढलेले. स्क्रीनवर तो दूरचा वर्ग: खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवलेल्या, माणूस एक नाही. आणि सर शिकवत होते. प्रश्न विचारून थांबत होते. मान डोलवत होते.

मी भुतं मानत नाही. मानली असती तर त्यांचीही हजेरी मलाच ठेवावी लागली असती. पण एक खुर्ची खाली होती. तिच्यावरचा पंखा फिरत होता.

"सफाईवाल्यांनी ठेवली असेल," मी म्हटलं.

"ते वर ठेवतात, शुभा. खाली नाही." तीन सेकंद. "पहिल्या मंगळवारी ती शेवटच्या रांगेत होती. दर आठवड्याला एक रांग पुढे येते."

हीटिंग बंद पडलंय का, ते मी हात लावून पाहिलं. चालू होतं.

"सर, तिकडे कोणी नाही. महिनाअखेर लाइन कापणार आहेत. कशासाठी हे?"

"नूरसाठी. पहिल्या वर्षाची मुलगी. शेवटच्या तासाला तिनं विचारलं, गाळ समुद्रापर्यंत न जाता मधेच का बसतो? वेळ संपली होती. म्हटलं, पुढच्या मंगळवारी सांगतो. ईमेल केली, तर तिचा पत्ता बंद. आपणच बंद केलेला." ते खाली बघत म्हणाले, "परीक्षेत येणार नाही ते विचारणारी ती एकटी. घरी तर मला विचारायला कोणी नाहीच."

त्या वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते.

"सर, ऑक्टोबरात तुमचा तास तिकडे किती वाजता असायचा?"

"चारला."

ती ईमेल आली त्यानंतरच्या रविवारीच इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली. मलेशियातली जात नाहीत. दर वर्षी तिथलं ऑफिस मुलांना नवी वेळ कळवायचं. यंदा ते ऑफिसच उरलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सरांना मी आठला बोलावलं आणि लाइन जोडली. पंख्याखाली, अगदी पहिल्या रांगेत, एक मुलगी वही उघडून थेट आमच्याकडे बघत बसली होती.

"सर," ती इंग्रजीत म्हणाली, "मी दर मंगळवारी चारला येऊन बसायचे, स्क्रीन काळीच असायची. वाटलं, मी मागे बसते म्हणून तुम्हाला दिसत नसेन."

सर पाठ वळवून फळा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. फळा कोराच होता.