गच्चीवरील उन्हाचा तह

प्रथम लाभाची याद देणे प्राप्त. राजश्री गिरणीवाले यांस डिझेल इंजिनाच्या धुरापासून सुटका मिळणार, डेअरीवाल्यांचे दूध वाढत्या उन्हाळ्यांतही थंड राहणार आणि शाळेच्या मोठ्या बाईंच्या पंपास दिवसा वीज लाभणार, ऐसे जाणून तिन्ही दौलती एक जाहल्या, आणि गावाने वर्गणीची रसद पुरविली, आणि मग गिरणीच्या गच्चीवर सोलर पॅनेलांची फौज सूर्याकडे तोंड करून उभी केली, आणि विजयाच्या खात्रीने इंजिन भंगारात घातले.

परंतु मसलतीत एक कसूर राहिली. गच्चीची वहिवाट गिरणीवाल्यांच्या थोरल्या भगिनी अक्कासाहेब यांची. त्या लेकीकडे गेल्या असता त्यांच्या कपडे वाळविण्याच्या दोऱ्या सोडल्या; त्यांस पुसले कोणी नाही. मग त्या परतल्या, गच्ची न्याहाळली, आणि ओल्या रजया पॅनेलांवर पसरून, चहूं कोपऱ्यांस दगड ठेवून, ठाण मांडून बसल्या. तों खाली गिरणी गहू तोंडात घेऊन थांबली, डेअरीचे यंत्र निपचित पडले, टाकीतले दूध कोमट होऊ लागले. दूध नासते तर गाव वर्गणी परत मागते आणि धूर पुन्हा उरावर येतो, ऐसा कठीण प्रसंग!

प्रथम डेअरीवाले वकिलीस चढले, अर्ज केला, "अक्का, दूध नासेल हो!" फर्मान सुटले, "माझ्या दोऱ्या सोडताना दुधाला विचारलं होतंत का?" डेअरीवाले आल्या पावली उतरले. मग मोठ्या बाईंनी पृथ्वीच्या तापमानाचे विवेचन आरंभिले. अक्कासाहेब वदल्या, "बाई, मला पटलंय सगळं. रजया कुठे वाळवू, तेवढं सांगा." बाई तो धडा शोधावयास जिना उतरल्या.

अखेर गिरणीवाले जातीने, पिठाने माखलेले, चढले.

"अक्के, खाली सगळे बघताहेत गं."

"बघू देत. लहानपणी माझं पांघरूण ओढायचास, आता ऊन ओढलंस."

"चुकलं."

"मोठ्यानं बोल. इंजिन बंद आहे आता, सगळ्यांना ऐकू जाईल."

तेव्हा गिरणीवाल्यांनी कठड्याशी उभे राहून भर दुपारी कसूर कबूल केली. मग तह ठरला तो ऐसा: पॅनेलांमागे, सावली न पडेल ऐशा बेताने, दोऱ्या बांधाव्या, अक्कासाहेबांस बरोबरीच्या भागीदार मानावे, पॅनेलांवरील धूळ पुसविण्याचा हुकूम त्यांचा, पुसणे भावाचे, ओल्या रजया जिन्याने वर नेणेही भावाचेच.

रजया उठल्या, गिरणी गर्जली, दूध बचावले, फत्ते जाहली.

खर्चाची बाजू येणेप्रमाणे. डेअरीने दोऱ्यांसाठी तार दिली, शाळेने मैदानावरचे जुने खांब दिले, अक्कासाहेबांनी होकार दिला. तो आधी मागते तर फुकट मिळता. मागून मागितला, सबब गिरणीवाल्यांची कंबर खर्ची पडली, ती ते अद्याप शेकत असतात.